जोडावरची मासोळी

माझ्या हातात कला नाही, हे निपाणीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते सगळ्यांत शेवटी कळलं. सोनाराच्या पोटी जन्मलो, शेगडीच्या धगीत वाढलो, आणि पंचविशी आली तरी मी झाळलेला, म्हणजे झाळ वितळवून जोडलेला दागिना गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरायच्या आत सुटायचा. वडील रागवत नसत. रागवायला समोरच्याबद्दल थोडी आशा लागते. ते नुसता हात पुढं करायचे, सुटलेला तुकडा घ्यायचे आणि फुंकणी तोंडाला लावायचे. एवढं थकलेलं माणूस मी त्यानंतर फक्त आरशात पाहिलं.

मला येत होतं ते एकच. ठसे ओळखणं. त्या काळी आमच्या भागातला प्रत्येक सोनार दागिन्याच्या आतल्या अंगाला, जिथं तो कातडीला टेकतो तिथं, आपली बारीक खूण मारायचा. कुणाचा शंख, कुणाचं जोंधळ्याचं कणीस, कुणाची नुसती तीन टिंबं. आमचं बेलपान. मोडीला आलेल्या प्रत्येक दागिन्याचा ठसा मी शिशाच्या पातळ पट्टीवर दाबून घ्यायचो, आणि अशा पट्ट्यांचा एक मोठा झुबका दुकानात खिळ्याला टांगलेला होता. शहापूर, अनगोळ, संकेश्वर, चिकोडी, कोल्हापूर, सगळीकडचे ठसे त्यात होते. लोक मुद्दाम यायचे. मी डोळ्याला भिंग लावायचो, पट्ट्या चाळायचो, मान हलवायचो. उत्तर पहिल्या नजरेतच मिळालेलं असायचं, पण लगेच सांगितलं तर लोकांना ते फुकटचं वाटतं.

चुकायचो नाही असं नाही. एकदा एका शेठजींच्या अंगठीवरच्या खुणेवरून मी गोकाकच्या कारागिराच्या तीन पिढ्या सांगून टाकल्या. ती खूण त्यांच्या नातीच्या दातांची निघाली. अशा गोष्टी मी स्वतःच रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. चूक आपणच आधी सांगून टाकली की दुसऱ्याला बोलायला जागा उरत नाही, ही युक्ती मला लवकर साधली होती. पुढं जे सांगणार आहे ते मात्र मी बरीच वर्षं कुणाला रंगवून सांगितलं नाही.

तो दुसऱ्या महायुद्धाच्या थोडा आधीचा काळ. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. चैत्र संपत आला होता आणि वेदगंगेत पाण्याचे नुसते डोह उरले होते. अशा दिवसांत झारेकरी नदीवर उतरायचे. सोनारांच्या दुकानापुढचा केर, पेठेतल्या गटारांचा गाळ, घाटाखालची वाळू, असं सगळं ते लाकडाच्या उथळ पाटीत घेऊन पाण्यात हलवत राहायचे. माती वाहून जाते, सोनं जड म्हणून तळाला राहतं. दिवसाकाठी बाजरीच्या दाण्याएवढं मिळालं तर दिवस बरा म्हणायचा. आमच्याकडं येणारी झारेकरीण म्हातारी होती. कंबरेत वाकलेली, पाण्यात राहून राहून पायांची बोटं पांढरी पडलेली. तिच्या लोकांचा एक नेम होता : कण आपला, डाग धन्याचा. कण सापडला तर खुशाल विकावा. पण अखंड डाग, म्हणजे सबंध दागिना हाती लागला, तर तो कुणीतरी रडून रडून शोधलेला असतो. तो ठसा ओळखणाऱ्याला दाखवायचा, काठच्या गावांत विचारायचं, आणि धनी नाहीच निघाला तर ज्यानं ठसा पाहिला त्याच्याच शेगडीत वितळवायचा. पाप वाटलं जावं म्हणून.

एके सकाळी ती आली आणि कंबरेच्या चंचीतनं तिनं एक पाटली काढून माझ्यापुढं ठेवली. गाळ बसलेली, एका अंगानं चेपलेली.

"अण्णा, हिचं गाव सांगा."

"कुठं घावली?"

"दोन कोसावरच्या घाटाला. जनावरं धुत्यात त्या डोहाच्या खाली. गावात इचारलं म्या. येका जैनाच्या घरातली पाटली बारा वर्सामागं गेलती म्हनं. त्यास्नी सांगावा धाडलाय, उद्या येत्यात."

त्या घराची गोष्ट मला माहीत होती. सगळ्या पंचक्रोशीलाच माहीत होती. तंबाखूची शेती, दारात चार बैल, माणसं शब्दाला पक्की. त्यांची धाकटी सून बारा वर्षांपूर्वी नदीवरनं धुणं घेऊन आली तेव्हा तिच्या उजव्या हातात पाटली नव्हती. त्याच आठवड्यात माहेरी तिच्या भावाचं लग्न झालं, आणि नव्या नवरीच्या गळ्यात नवं सोनं दिसलं. लोकांनी या दोन गोष्टींची गाठ मारली. सासऱ्यानं आवाज चढवला नाही. तो एवढंच म्हणाला की नदीनं पाटली परत दिली तर मी नदीचं ऐकेन, तोवर तुझ्या भावानं ह्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. जोडातला एकटा डाग घरात ठेवू नये म्हणतात, म्हणून डाव्या हातातली उरलेली पाटली मोडून थोरल्या सुनेला बुगड्या केल्या. तेव्हापासून दर दिवाळीला भाऊ गावाच्या वेशीपर्यंत यायचा, फळांची करंडी एखाद्या गुराख्याजवळ द्यायचा आणि तिथनंच मागं फिरायचा. ती बाईही पुन्हा माहेरी गेली नव्हती.

ती जोडी माझ्या वडिलांनी घडवलेली होती. म्हणजे निवाडा माझ्याकडं आला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सासरा सुनेला गाडीत घालून घेऊन आला. बाजाराचा दिवस होता, दुकानापुढं दहा-पंधरा माणसं जमली. झारेकरीण पायरीवर बसली. सुनेनं पाटली हातात घेतली, फिरवली, आणि हातात न घालता परत ठेवली.

"हीच. उजव्या हातातली."

"कशावरनं?" सासरा म्हणाला.

"माझी हाय म्हणून."

मी भिंग लावलं. गाळ पुसून आतलं अंग पाहिलं. जोडावर एक ठसा स्पष्ट होता. मासोळी. मी पट्ट्यांचा झुबका उतरवला, एकेक पट्टी सावकाश सरकवली आणि लोकांची चुळबूळ पुरेशी झाल्यावर बोललो.

"ही आमच्या दुकानातली न्हाय. हा शहापूरचा ठसा. आमचं बेलपान असतं."

ती माझ्याकडं वळली. "अण्णा, तुम्हीच वाढवून दिलीसा की. माझा उजवा हात भरला म्हणून. आठवा जरा."

मला चांगलंच आठवत होतं. वडिलांनी माझ्या ज्या एकमेव कामाला बरं म्हटलं ते हेच. उजवा हात कामाचा, तो आधी भरतो, म्हणून त्या हातातली पाटली कापून तुकडा घालून वाढवायची होती. मी ती झाळून आणली. वडिलांना तेव्हा मोतीबिंदूनं दिसत नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं जोड चाचपला आणि म्हणाले, "ही बरी जमली रं." हे वाक्य मी जपून ठेवलं होतं.

"वाढवली मी, म्हणूनच सांगतोय," मी म्हणालो. "आमच्यात रीत हाय, जोड ज्याचा, ठसा त्याचा. उद्या झाळ कच्ची निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. मी जोडली असती तर इथं बेलपान दिसलं असतं. मासोळी कुठनं आली? नदीत हुती म्हणून?"

लोक हसले. मीही हसलो. झारेकरीण हसली नाही.

सासरा उठला. "झालं. आता भावाचं नाव माझ्या घरात काढायचं न्हाय. नदीनं बी सांगितलं." सुनेनं पदर सारखा केला आणि गाडीत जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत तिची पाठच दिसत होती. मला वाटलं, खोटं उघडं पडलं की माणूस असंच बसतं.

धनी निघाला नाही म्हणताना नेमाप्रमाणं पाटली माझ्या शेगडीत जायची होती. दुपारी बाजार ओसरल्यावर म्हातारीला समोर बसवून मी कोळसे फुलवले. पाटली मुशीत मावेना, म्हणून कातरीनं तुकडे केले आणि गप्पा मारत एकेक मुशीत टाकत गेलो. शहापूरच्या लोकांचं कसब, आमच्या भागातले ठसे, माझं तोंड चालूच होतं. शेवटचा तुकडा जोडाचा होता आणि चेपल्यामुळं वाकडा झाला होता. तो सरळ करायला चिमट्यात धरून तापवला, तशी झाळ पाणी होऊन ओघळली आणि जोड सुटला. झाळीनं झाकलेली कड उघडी पडली. तिथं बेलाचं दीड पान होतं. उरलेलं दीड कापात गेलं होतं.

मी तो तुकडा मुशीबाहेर ठेवला. आत बाकीच्या तुकड्यांचं पाणी झालं होतं.

मग आठवलं. सगळं एकदम नाही. बसमधनं उतरणाऱ्या माणसासारखं, आधी पाय दिसतात, मग सामान, मग तोंड. ती पाटली मी झाळलीच नव्हती. पहिल्याच फुंकरीला मी तिची कड जाळून ठेवली होती. वडिलांना सांगायची छाती झाली नाही. झाळकामाला लागणारा टाकणखार आणायचा म्हणून थाप मारली आणि सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलो, तिथनं शहापूरच्या एका कारागिराकडं. मापाचा दोरा निपाणीतच विसरलो होतो, म्हणून त्या बाईच्या हाताचं माप मी माझ्या अंगठा-बोटानं हवेत करून दाखवलं. त्यानं जळकी कड कापली, मापाचा तुकडा घातला आणि ठसा उचलला. मी म्हणालो, ठसा नको. तो म्हणाला, झाळ माझी, ठसा माझा. मी गप्प बसलो. येताना टाकणखार आणायलाही विसरलो, आणि वडिलांनी तेही विचारलं नाही.

खोटं बारा वर्षं घरात ठेवलं की ते घरचंच वाटायला लागतं. वडिलांचं कौतुक तेवढं माझ्याजवळ राहिलं. शहापूर गळून पडलं.

आणखी एक आठवलं, ते जास्त वाईट होतं. पाटली द्यायला गेलो तेव्हा ती हातात घालून ती बाई म्हणाली होती, "सैल वाटतीया." मी म्हणालो होतो, "सैल कुठली, हात भरंल तशी बसंल."

"काय झालं, अण्णा?" म्हातारीनं विचारलं.

"मावशी, हा डाग धन्याचाच हाय. तीच पाटली."

तिनं मुशीकडं पाहिलं. "आता ह्यात डाग कुठं ऱ्हायला?"

मी तिला शहापूरचं सगळं सांगून टाकलं.

"उचला ती गोळी आन द्या त्यास्नी. मला नगो." गुडघ्यावर हात टेकून ती उठली. एवढा मोठा डाग तिच्या सबंध जन्मात पुन्हा सापडला नसावा. "पाप वाटून घ्याचं म्हनत्यात. पर तुमच्यासंगं वाटून घ्यायला मला परवडायचं न्हाय."

मी लगेच गेलो असं कुणी समजू नये. चार दिवस गेलो नाही. पहिल्या दिवशी ऊन होतं. दुसऱ्या दिवशीही ऊन होतं. तिसऱ्या दिवशी मला असं वाटलं की बारा वर्षं जे चाललं त्यात चार दिवसांनी काय बिघडणार, आणि हे वाटल्यावर मला स्वतःचा इतका कंटाळा आला की पाचव्या दिवशी उजाडताच दोन कोस चालत निघालो.

सासरा सोप्यात बसून दोर वळत होता. मी सोन्याची गोळी आणि तो दीड पानाचा तुकडा त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणालो की पाटली तुमचीच होती, मी चुकलो.

तो दोर वळत राहिला. "परवा येक, आज येक. कुठलं खरं धरू?"

"हे बघा, बेलपान. आमचं."

त्यानं तुकडा डोळ्याजवळ नेला. "हे पान व्हय? उंदरानं खाल्लेलं काय बी असंल. आन गोळीवर तर कुनाचंच नाव न्हाय. सुनंनं सांगावा धाडलाय का भावानं?"

"कुणी न्हाय धाडला."

"मग सांग की आता. मासोळी कुठनं आली?"

माझाच विनोद होता. त्याचं उत्तर मला द्यावं लागलं. जाळलेली कड सांगितली, टाकणखाराची थाप सांगितली, हवेतलं माप सांगितलं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या बापापुढं दुसऱ्याचं काम ठेवून मी शाबासकी घेतली, हेही सांगितलं. ते सांगताना माझा आवाज कसा झाला कोण जाणे. दाराआड सुपाचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. सून आत धान्य पाखडत होती.

म्हाताऱ्यानं दोर खाली ठेवला. बराच वेळ तो माझ्याकडं बघत होता, जनावर विकत घेताना बघतात तसा.

"खोटं बोलनारा मानूस सवताला शाना करून घेतो," तो शेवटी म्हणाला. "दोन कोस उन्हातनं चालत येऊन येवढा बावळट कोन करून घेईल?"

पुराव्यानं झालं नव्हतं ते माझ्या बावळटपणानं झालं. त्यानं आत वळून हाक दिली, "पोरी, उद्या गाडी जुपतो. म्हायेरला जाऊन ये."

सून दारात आली. हात कोंड्यानं भरलेले होते. माझी अशी समजूत होती की ती रडेल. ती खूप दमलेली दिसत होती, एवढंच.

"मी न्हाय जात, आप्पा."

"मग?"

"बारा वर्सं तो वेशीवरनं माघारी गेला. त्याला हितं जेवाय बोलवा. आन तुम्ही सवता जावा बोलवाय."

त्या घरात सासऱ्याला असं कुणी सांगितलं नसावं. त्यानं वळलेल्या दोराचं टोक उलगडलं, पुन्हा वळलं.

"जातो," तो म्हणाला. मग माझ्याकडं बोट केलं. "हा बी यील संगं. मला हे सांगाय जमायचं न्हाय."

मी उठलो तेव्हा ती बाई अजून दारातच होती.

"अण्णा, सैल हाय म्हनलं हुतं मी."

"व्हय. म्हणला होता."

"येवढंच इचारायचं हुतं," असं म्हणून ती आत गेली. सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

रात्री मी तिथंच सोप्यात पडलो आणि सकाळची कामं उरकल्यावर आम्ही निघालो. भावाचं गाव चिकोडीच्या वाटेवर, तीन कोसांवर. म्हातारा गाडी हाकत होता. सबंध वाटेत तो बैलांशी बोलला, माझ्याशी नाही. भावाच्या दारात पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. भाऊ बाहेर आला, आम्हाला पाहिलं, आणि बोलायच्या आधी घोंगडं आणून अंथरलं. मी त्याला लग्नातला नवरदेव म्हणूनच डोक्यात धरून होतो. त्याचे कल्ले पांढरे झाले होते.

म्हातारा खाली मान घालून बसला. "सांग," मला म्हणाला.

मी सांगितलं. म्हातारीला धरून हे तिसऱ्यांदा सांगणं होतं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मला आता ते चांगलं सांगता येऊ लागलंय. टाकणखारापाशी मी थोडा थांबलो, लोक हसतात त्या जागी थांबतो तसा. कुणी हसलं नाही. भावाची बायको तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्या गळ्यात ते लग्नातलं सोनं होतं, तिच्या वडिलांनी घातलेलं. बारा वर्षांत ते कुठनं आलं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी बाकीचं कसंबसं उरकलं.

"वितळवली?" भावानं विचारलं.

"व्हय."

"तिच्या हातात घालून बघितली न्हाय कुनी?"

मी नाही म्हणालो. म्हाताऱ्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आम्ही आणखी काय म्हणतो याची भाऊ वाट बघत असावा, पण आमच्याकडचं सगळं संपलं होतं. मग म्हातारा बोलला.

"पावनं, जेवाय चला. तिनं सांगितलंय."

"दिस बुडायच्या आत जेवायचं तर आत्ताच निघाय पायजे," भाऊ म्हणाला. त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. तो आत गेला. पटका बांधायला त्याला बराच वेळ लागला. आतून बायकोचा हळू आवाज येत होता, त्याचा येत नव्हता.

म्हाताऱ्यानं बैल जुंपले. कासरा त्यानं जोखडावर टाकून ठेवला आणि तो मागच्या बाजूनं गाडीत चढून माझ्याशेजारी कडब्यावर येऊन बसला. पुढची हाकणाऱ्याची जागा त्यानं भावासाठी मोकळी सोडली होती. आम्ही दोघं पाय खाली सोडून भावाची वाट बघत बसलो.